सापाला उंदीर द्यायचा, पण आधी मारायचा कसा?

साप पाळणाऱ्यांमध्ये हा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो जिवंतच सोडा, निसर्गात तसंच होतं, दुसरा म्हणतो आधी मारून द्या. मी सरळ दुसऱ्या गटातला, कारण निसर्गात उंदराला पळायला जागा असते, काचेच्या टाकीत ती नसते, आणि त्या दिवशी सापाला भूक नसली तर तोच घाबरलेला उंदीर सापाला कुरतडून जखमी करतो. बरं, बोआ सापाच्या विळख्यात उंदीर गुदमरून मरतो असा बहुतेकांचा समज आहे, पण २०१५ साली भूल दिलेल्या उंदरांना सेन्सर लावून मोजलं तेव्हा दिसलं की विळखा बसल्यावर काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं, मेंदूला रक्तच पोचत नाही. म्हणजे पकड नीट बसली तर साप काम पटकन उरकतो. मग आपण जे काही करू ते निदान त्याहून वाईट तरी नको ना, आणि घोळ नेमका इथेच आहे.

सगळ्यात जास्त वापरतात तो कार्बन डायऑक्साइड. डब्यात उंदीर ठेवायचे, सिलेंडरमधून गॅस सोडायचा, ते आडवे होतात आणि मरतात, बघायला एकदम शांत. पण हा गॅस ओलाव्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं, सोडा प्यायल्यावर ढेकर नाकातून आली की जे झणझणतं ते त्याचंच. उंदराच्या नाकात न् डोळ्यांत तेच होतं, आणि हवेतलं प्रमाण साधारण ४०-५० टक्क्यांच्या वर गेलं की ते नुसतं झणझणणं राहत नाही, दुखायला लागतं. भीती तर त्याच्या बरीच आधी सुरू होते. आवडीचा गोड खाऊ ठेवलेला असला तरी गॅस वाढायला लागला की उंदीर तो टाकून बाहेर पडतात, हे प्रयोगात दिसलंय. माणसांचंही वेगळं नाही. मेंदूतला अमिग्डला हा भीतीशी संबंधित भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेली काही माणसं आहेत, त्यातली एक बाई तर जिवंत साप मजेत हाताळायची, पण २०१३ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला आणि ती पण घाबरून मास्क ओढायला लागली.

आता पेच बघा. ३० टक्क्यांच्या वर हा गॅस भूल दिल्यासारखं काम करतो, म्हणजे दुखायच्या पातळीला पोचायच्या आत उंदीर बेशुद्ध व्हायला हवा. गॅस एकदम भसकन सोडला की शुद्धीत असतानाच दुखतं, फार हळू सोडला की घाबरण्याचा वेळ वाढतो. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने २०१३ च्या मार्गदर्शिकेत डब्याच्या आकारमानाच्या १० ते ३० टक्के गॅस दर मिनिटाला सोडा असं सांगितलं होतं, २०२० मध्ये उंदरांसाठी तेच ३० ते ७० टक्के केलं. २० लिटरचा डबा असेल तर मिनिटाला ६ ते १४ लिटर. ३० टक्क्यांच्या वेगाने पहिल्या मिनिटाअखेर डब्यात जेमतेम २६ टक्के गॅस होतो आणि दुसऱ्या मिनिटाअखेर ४५, कारण आत येणाऱ्या गॅसबरोबर आधीचा थोडा बाहेरही जात असतो. आधीच गॅसने भरून ठेवलेल्या डब्यात उंदीर टाकणं तर चुकीचंच.

म्हणूनच गॅसचा दाब न् वेग ठरवणारे रेग्युलेटर आणि फ्लोमीटर नसताना व्हिनेगर न् खाण्याचा सोडा किंवा ड्राय आईस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून केलेला जुगाड मला अजिबात पटत नाही. वेग हातात राहत नाही, ड्राय आईस उणे ७८ अंशांवर असतो आणि अंगाला लागला तर इजा करतो ते वेगळंच. गाडीचा धूर तर विचारूच नका. आणि हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, बंद खोलीत खाली साचतो, त्यामुळे खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर धोका आपल्यालाच.

डब्यातून आवाज आला नाही म्हणजे त्रास झाला नाही, असंही समजू नका. मोठ्या जातीचे उंदीर (रॅट) घाबरल्यावर साधारण २२ किलोहर्ट्झला ओरडतात, आपल्या कानाची मर्यादा २० च्या आसपास. आपल्याला काहीच ऐकू येणार नाही.

मानेचा मणका झटक्यात निखळवणं ही पद्धत लहान उंदरांसाठी (मोठ्या जातीचे असतील तर २०० ग्रॅमच्या आतले) मान्य आहे, पण ती हाताला सराव असलेल्यानेच करायची, जाणकाराकडून शिकून, आधी मेलेल्या उंदरांवर हात बसवून. व्हिडिओ बघून नाही. जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणं किंवा पाण्यात बुडवणं, दोन्हींना सरळ नकार. जनावरांच्या डॉक्टरांचं पेंटोबार्बिटल (भुलीचं औषध) इंजेक्शन उंदरासाठी चांगलं असतं पण ते मांसात उरतं आणि सापाच्या पोटात जातं, म्हणून इथे बाद.

पिंकी म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं प्रकरण वेगळंच आहे. आईच्या पोटात ऑक्सिजन कमी असतो, त्याची शरीराला सवय असते, त्यामुळे जन्माच्या दिवशीचं पिल्लू शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्येसुद्धा ५० मिनिटांपर्यंत तग धरू शकतं. मोठ्या उंदरांचा हिशोब धरून पाच मिनिटांत डबा उघडला आणि पिल्लं फ्रीजरमध्ये टाकली तर ती आत शुद्धीवर येऊ शकतात.

त्यामुळे मेलाय की नाही हे तपासणं सोडू नका. श्वास थांबल्यावरही निदान एक मिनिट गॅस चालू ठेवायचा, मग छातीवर बोट ठेवून ठोके बघायचे, डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करून पापणी हलते का ते बघायचं, आणि मनात जराही शंका असेल तर मणका निखळवून खात्री करायची.

एवढं झंझट नको असेल तर नीट पद्धतीने मारलेले फ्रोजन उंदीर घ्या, मी तरी तेच सुचवेन. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचे, मायक्रोवेव्ह नाही, आणि देण्याआधी पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवून साधारण ३८ अंशांपर्यंत गरम करायचे. बऱ्याच अजगरांच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, त्यांना थंड उंदीर खाणं वाटतच नाही. लांब चिमट्याने धरून थोडा हलवला की बहुतेक साप घेतात. नाही घेतला तर तोच परत गोठवू नका, टाकून द्या आणि आठवड्याने पुन्हा बघा.