उजव्या पायाचं ब्रेकिंग आणि एकतीस अंशांचा उतार

२ जुलै २०२३ रोजी शिकागोच्या ग्रँट पार्कभोवतीच्या ओल्या रस्त्यांवर न्यूझीलंडच्या शेन व्हॅन गिसबर्गनने नॅसकार कप या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्टॉक कार मालिकेतली (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतगाड्यांची) आपली पहिलीच शर्यत जिंकली. पदार्पणातच विजय, असं १९६३मध्ये जॉनी रदरफर्डने केलं होतं. त्यानंतर साठ वर्षं कुणालाच जमलं नव्हतं. शिकागोला येईपर्यंत व्हॅन गिसबर्गन ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स मालिकेत २०१६, २०२१ आणि २०२२ अशी तीन विजेतेपदं मिळवून बसला होता. २०१६मध्ये बाथर्स्टची बारा तासांची जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांची) शर्यतही त्याने मॅकलारेनमधून जिंकली होती. वळणं, चढउतार आणि जोरदार ब्रेक यांच्याच जगात वाढलेला हा ड्रायव्हर.

आता २०२५चा हंगाम पाहा. कप मालिकेतलं त्याचं ते पहिलंच पूर्ण वर्ष. मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (लंबगोल ट्रॅक आणि त्याच्या आतला वळणांचा रस्ता जोडून केलेला), असे पाच विजय त्याने मिळवले. पाचही वळणावळणाच्या ट्रॅकवर. मेक्सिकोत तर दुसऱ्या क्रमांकाची गाडी १६ सेकंदांहून जास्त मागे होती. त्याच वर्षी बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात डार्लिंग्टन, गेटवे आणि ब्रिस्टल या तीन शर्यती आल्या, तिन्ही ओव्हलवर, म्हणजे फक्त डावीकडे वळणाऱ्या लंबगोल ट्रॅकवर, आणि तिथेच तो स्पर्धेबाहेर पडला. गाडी तीच, पायही तेच. मग फरक कुठे पडतो? माझ्या मते तो धाडसात किंवा अनुभवाच्या वर्षांत शोधण्यापेक्षा टायर आणि डांबर यांच्यातल्या पकडीत शोधावा. रोड कोर्सवर, म्हणजे दोन्ही बाजूंना वळणाऱ्या ट्रॅकवर, ही पकड ड्रायव्हर एकेका वळणात खर्च करतो. ओव्हलवर तिचं वाटप मुख्यतः गाडीच्या जुळणीत (चाकांचा कल, टायरचा दाब, वजनाची वाटणी) आधीच ठरलेलं असतं, आणि ड्रायव्हरला ते पन्नास-साठ फेऱ्या टिकवायचं असतं.

आधी ब्रेक. ड्रायव्हर आणि इंधन धरून नॅसकारच्या गाडीचं वजन साधारण १५८० किलो. समजा ती ताशी २५० किलोमीटरवरून ९० किलोमीटरवर आणायची आहे. गतिज ऊर्जेचं सूत्र लावलं तर सुमारे ३३ लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत चार डिस्कमध्ये उष्णता म्हणून जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत खोलीतलं दहा लिटर पाणी उकळीला येईल. शर्यतीत हे दर फेरीला दोन-तीनदा घडतं. डिस्क आणि तिला चिमटणाऱ्या कॅलिपरला वारा पुरला नाही तर ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल मऊ पडून खाली जातं.

पकडीचं गणित असं. टायरची एकूण पकड १०० धरा. ब्रेकसाठी ८० वापरली तर आडव्या दिशेला २० उरते असं वाटेल, पण या दोन दिशा काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरस लागू होतो आणि वळण्यासाठी अजून ६० शिल्लक असते. निष्णात ड्रायव्हर म्हणूनच वळणाआधी ब्रेक पूर्ण सोडत नाही. सरळ रेषेत, वेग सर्वाधिक असताना आणि हवा गाडीला खाली दाबत असताना, पहिला दाब सगळ्यात जोराचा. मग वेग उतरेल तसा पाय हळूहळू हलका करत, स्टिअरिंग वळवत वळणाच्या मध्यापर्यंत जायचं. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढच्या चाकांवर वजन टिकून राहतं आणि गाडीचं नाक आत येतं. पाय एकदम उचलला की वजन मागे जातं, पुढचे टायर हलके होतात आणि गाडी सरळच निघते. उलट, वळताना दाब जास्त राहिला तर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी गिरकी घेते.

सुपरकार्सच्या गाडीत मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडलेली असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण ते आतल्यापेक्षा वेगाने फिरू शकत नाही. त्यामुळे गाडी वळायला कुरकुर करते. तिला ब्रेकवरच वळवावं लागतं. व्हॅन गिसबर्गनचा ट्रेल ब्रेकिंगवरचा हात तिथे तयार झाला.

त्याची दुसरी खूण म्हणजे उजवा पाय. नॅसकारमधले बहुतेक ड्रायव्हर डाव्या पायाने ब्रेक दाबतात. तो रोड कोर्सवर उजव्याने दाबतो. पंजा ब्रेकवर, आणि गिअर खाली टाकताना त्याच पायाच्या कडेने थ्रॉटलला (वेगाच्या पेडलला) टिचकी. टिचकी कशासाठी? समजा चौथ्या गिअरचं गुणोत्तर १.३ आणि तिसऱ्याचं १.६ आहे. चौथ्यात इंजिन मिनिटाला ७००० फेरे फिरत असेल तर त्याच वेगाला तिसऱ्यात सुमारे ८६०० फेरे हवेत. ते १६०० फेरे थ्रॉटलने दिले नाहीत तर इंजिनला पळवायचं काम मागच्या टायरांवर पडतं. ब्रेकखाली ते आधीच हलके झालेले असतात. क्षणभर घसटतात आणि मागची बाजू थरथरते. डाव्या पायाच्या ब्रेकिंगचे फायदेही खरे आहेत: एका पेडलवरून दुसऱ्यावर जाण्यात वेळ जात नाही, आणि ओव्हलवर थ्रॉटल न सोडता ब्रेक हलकेच टेकवून गाडी स्थिर करता येते. रोड कोर्सवर मात्र गिअर बदलाच्या त्या क्षणी मागचे टायर न दुखावणं जास्त मोलाचं, असं त्याच्या निकालांवरून म्हणता येतं.

त्याच्या बाजूने काळही होता. २०२१पर्यंत कप गाडीला मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, चार गिअरचा साधा गिअरबॉक्स आणि पाच नटांची १५ इंची स्टीलची चाकं असत. अखंड अ‍ॅक्सल जोरदार ब्रेकखाली टणाटण उड्या मारतो. २०२२मध्ये नेक्स्ट जेन गाडी आली: मागे स्वतंत्र सस्पेन्शन, पाच गिअरचा सिक्वेन्शियल (गिअर ओळीने एकेक बदलणारा) गिअरबॉक्स, १८ इंची अ‍ॅल्युमिनियम चाक आणि मधोमध एकच नट. ५.८६ लिटरचं व्ही८ इंजिन जुन्याच धाटणीचं राहिलं, पण बाकी गाडी जीटी गाड्यांच्या जवळ आली. शिकागोत त्याला सुपरकार्सपेक्षा वेगळं होतं ते डावीकडे बसणं आणि उजव्या हाताने गिअर टाकणं.

यापूर्वी स्पोर्ट्स कारमधून स्टॉक कारमध्ये आलेल्यांचा अनुभव पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. इंजिनिअर-ड्रायव्हर मार्क डोनह्यूने जानेवारी १९७३मध्ये रिव्हरसाइडच्या रोड कोर्सवर एएमसी मॅटाडोर चालवून जिंकलं, तेव्हा रॉजर पेन्स्कीच्या संघाने त्या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक बसवले होते. बाकीचे ड्रम ब्रेक वापरत होते. ड्रममधली उष्णता आतच कोंडते. कॅनडाचा रॉन फेलोज २००१मध्ये कॉर्व्हेटमधून डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या चमूत होता. कप मालिकेत तो वॉटकिन्स ग्लेनला १९९९ आणि २००४मध्ये दुसरा आला. अशा पाहुण्या तज्ज्ञांना तिकडे रिंगर म्हणत. टास्मानियाचा मार्कोस अँब्रोज सुपरकार्समधूनच आला, कित्येक वर्षं पूर्ण हंगाम खेळला, आणि त्याचे दोन्ही कप विजय वॉटकिन्स ग्लेनचे, २०११ आणि २०१२चे. फॉर्म्युला वनमधून आलेल्या हुआन पाब्लो मोंतोयाचेही दोनच विजय, दोन्ही रोड कोर्सवर. एवढे वेगवेगळे ड्रायव्हर एकाच जागी अडतात, तेव्हा कारण ट्रॅकमध्येच असणार.

ओव्हल पाहणाऱ्याला सोपा वाटतो: फक्त डावीकडे वळायचं. डेटोनाच्या ओव्हलवरच्या वळणांची त्रिज्या सुमारे ३०५ मीटर आणि उतार ३१ अंश. ताशी ३०० किलोमीटरला तिथे गाडीला वळणाच्या केंद्राकडे वजनाच्या २.३ पट बल लागतं. रस्ता सपाट असता तर हे सगळं टायरांच्या घर्षणातून काढावं लागलं असतं, आणि ते शक्यच नाही. ३१ अंशांच्या उतारावर काय होतं? रस्ता गाडीला काटकोनात जो रेटा देतो तो लंबप्रतिसादच आतल्या बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे बलाचा मोठा वाटा त्यातून येतो. शिवाय गाडी रस्त्यावर वजनाच्या दुप्पट जोराने दाबली जाते. हिशोब केला तर घर्षण गुणांक फक्त ०.७२च्या आसपास पुरतो, आणि हवेचा दाब मिळवला तर त्याहून कमी. ताशी १५० किलोमीटरच्या सुमारास तर घर्षणाची गरजच उरत नाही.

याचा परिणाम असा की डेटोनात वळणासाठी ब्रेक लावावाच लागत नाही. व्हॅन गिसबर्गनचं सगळ्यात धारदार हत्यार तिथे म्यानातच राहतं. कॅन्ससच्या दीड मैली ओव्हलवर वळणात शिरताना पाय थोडा उचलायचा, इतकंच. मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ब्रेक लागतो, पण तीच दोन वळणं शेकडो वेळा.

त्यात गाडीची जुळणीच वाकडी असते, आणि इथे रोड कोर्सवाल्याची खरी अडचण सुरू होते. ओव्हलसाठी उजवी चाकं वरच्या बाजूने आत कललेली आणि डावी वरच्या बाजूने बाहेर कललेली ठेवतात, म्हणजे डावीकडे वळताना चारही टायर रस्त्यावर सपाट बसतात. डाव्या टायरांचा घेरही उजव्यांपेक्षा थोडा कमी असतो. २०० मीटर त्रिज्येच्या वळणात दोन चाकांमध्ये १.६ मीटर अंतर असेल तर बाहेरचं चाक ०.८ टक्के जास्त धावतं. सव्वादोन मीटर घेराच्या टायरवर हा फरक १८ मिलिमीटर होतो. गाडी सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढते आणि स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागतं. समतोल गाडीत वाढलेल्या ड्रायव्हरच्या हातांना हा ओढा सतत काहीतरी बिघडल्याचा निरोप देत राहतो.

समोरचा भाग बाहेर जाऊ लागला तर गाडी टाइट, मागचा सुटू लागला तर लूज. हे दुरुस्त करायचा एक उपाय म्हणजे वेज. पुढचं उजवं आणि मागचं डावं, या तिरक्या जोडीवर एकूण वजनाचा किती टक्के भाग आहे ते पाहायचं. तो वाढवला की डाव्या वळणात गाडी टाइट होते, कमी केला की लूज. पिट स्टॉपला (शर्यतीतल्या थांब्याला) एक जण मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंगचा स्क्रू अर्धा किंवा एक फेरा फिरवतो. दुसरा उपाय टायरचा दाब, तोही अर्ध्या-एक पीएसआयच्या पायरीने. डाव्या टायरमध्ये दाब कमी ठेवला की पकड वाढते, पण फार कमी केला तर बाजूची भिंत दुमडत राहते, तापते आणि फाटते. २०२२मध्ये नेक्स्ट जेन गाड्यांचे मागचे टायर असेच फुटत होते.

हे सगळं अवलंबून असतं ड्रायव्हरच्या सांगण्यावर. ‘गाडी नीट वळत नाही’ एवढ्यावर क्रू चीफ (गाडीच्या जुळणीचे निर्णय घेणारा संघातला प्रमुख) काहीच करू शकत नाही. ‘शिरताना ठीक, मध्यावर टाइट, बाहेर पडताना लूज, दहा फेऱ्यांनंतर वाढतं’ असं सांगितलं तर पाना किती फिरवायचा ते ठरतं. त्यात एक सापळा आहे: मध्यावर टाइट असलेली गाडी वळवायला ड्रायव्हर स्टिअरिंग जास्त फिरवतो, पुढच्या टायरांनी पकड घेतली की मागची बाजू एकदम सुटते, आणि तो ‘लूज’ असं कळवतो. मूळ दुखणं टाइटचं. उपाय उलटा झाला की पुढच्या साठ फेऱ्या वाया. कमी उंचीच्या बाजूंचे टायर असलेली नेक्स्ट जेन गाडी सुटली की सावरायला फार वेळ देत नाही, म्हणून सीमा चाचपून शिकणंही महागात पडतं.

हवेचा भाग वेगळाच. पुढच्या गाडीच्या मागची हवा विस्कटलेली असते. तिच्यात शिरलं की आपल्या नाकावरचा दाब घटतो आणि गाडी टाइट होते. त्यामुळे जवळ जाऊन ब्रेकवर आत घुसण्याचा रोड कोर्सवरचा सोपा मार्ग ओव्हलवर बंद होतो. वेगळी ओळ धरून स्वच्छ हवा शोधावी लागते. शेजारच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याजवळ आपलं नाक नेलं तर तिच्या स्पॉयलरवरची (मागच्या उभ्या पट्टीवरची) हवा बदलून ती मंदावते, हे साइड ड्राफ्टिंगही नव्याने शिकायचं. मानेच्या सुरक्षापट्ट्यांमुळे ड्रायव्हरला डोकं फारसं वळवता येत नाही, उजवीकडे काय आहे ते कळत नाही. स्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर रेडिओवर ‘बाहेर एक’, ‘मोकळं’ असं सांगतो आणि त्याच्या शब्दावर ताशी अडीचशेहून जास्त वेगात ओळ बदलायची असते.

२८ सप्टेंबर २०२५ रोजी, बाद फेरीतून बाहेर पडल्यावर दोन आठवड्यांनी, व्हॅन गिसबर्गन कॅन्ससला दहावा आला. कप मालिकेत ओव्हलवर पहिल्या दहांत येण्याची त्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या रविवारी शार्लटच्या रोव्हलवर तो जिंकला. तिथे एकाच फेरीत ओव्हलचा २४ अंशांचा उतारही असतो आणि आतली सपाट, दोन्ही बाजूंची वळणंही. चाकांची वाकडी जुळणी उजव्या वळणांत अंगाशी येते, म्हणून सगळे संघ तिथे गाडी जवळपास समतोल ठेवत, आणि उतारावरून भरवेगात येऊन शिकेनसाठी (वेग तोडणाऱ्या नागमोडी वळणासाठी) ब्रेक दाबावाच लागे.