पासंग

पासंग : तराजूची दोन्ही पारडी समपातळीत यावीत म्हणून हलक्या बाजूला टाकलेले किंवा बांधलेले जास्तीचे वजन. रिकाम्या तराजूच्या दोन बाजूंत मुळातच असलेल्या फरकालाही पासंगच म्हणतात.

शब्द फारसीतून आला. त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. संगमरवरातही तोच आहे. पारसंग असेही रूप फारसीत आढळते. खडा किंवा लोखंडाचा तुकडा पारड्याला बांधला की पासंग झाला. तेलातुपासाठी आणलेल्या भांड्याचे वजन वळते करायला समोर ठेवतात तो धडा. तो भांड्यागणिक बदलतो, पासंग मात्र तराजूला कायमचा चिकटलेला असतो.

‘तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ या वाक्प्रचाराची धार यातूनच येते. बरोबरीने तोलले जाणे दूरच, पारड्यांतला किरकोळ फरक भरून काढण्याइतकेही वजन त्याच्यापाशी नाही, असा त्याचा अर्थ.

पासंगाने पारड्यांच्या वजनातला फरक मिटतो, दांडीच्या भुजांच्या लांबीतला मिटत नाही. हे गिऱ्हाइकाने ओळखून असावे. एक भुजा २० सेंटिमीटर आणि दुसरी २२ सेंटिमीटर असली, तरी पासंग लावून रिकामी दांडी अगदी आडवी राखता येते. मग लांब भुजेकडे माल आणि आखूड भुजेकडे एक किलोचे वजन ठेवले, की दांडी सरळ दिसते आणि पदरात सुमारे ९०९ ग्रॅमच पडतात. रिकामा तराजू समतोल दाखवून दिला म्हणजे तो खरा, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. खरी परीक्षा एकच : माल आणि वजन यांची अदलाबदल करून पुन्हा तोलायचे. दांडी कलली, तर भुजा असमान आहेत.

ही लबाडी फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारकामाच्या संदर्भात दुष्ट तुलांची यादीच दिली आहे. तीत लोहचुंबक बसवलेली ‘अयस्कान्ता’ही येते. आज भारतात वजनकाट्यांची पडताळणी व मुद्रांकन वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार होते.

लिफ्ट आणि क्रेन यांतल्या अशा समोरच्या वजनाला शास्त्रीय मराठीत प्रतिभार म्हणतात. लिफ्टचा प्रतिभार साधारणपणे रिकाम्या पाळण्याचे वजन अधिक कमाल भाराचा ४० ते ५० टक्के भाग इतका ठेवतात, म्हणजे मोटारीला फक्त उरलेला फरकच ओढावा लागतो.