बीमफॉर्मिंग, यंत्रमानव-श्रवणातील

यंत्रमानवाच्या अंगावर ठरावीक मांडणीत बसवलेल्या अनेक मायक्रोफोनांचे संकेत एकत्र करून विवक्षित दिशेकडील ध्वनी ठळक करण्याची आणि इतर दिशांकडील ध्वनी क्षीण करण्याची संकेतसंस्करण पद्धती. मायक्रोफोन जागचे हलत नाहीत. ऐकण्याची दिशा गणिताने बदलते.

तत्त्व : २०° से. तापमानास हवेत ध्वनीचा वेग सु. ३४३ मी. प्रतिसेकंद असतो. दोन मायक्रोफोन १० सेंमी. अंतरावर असून ध्वनी त्यांना जोडणाऱ्या रेषेतूनच येत असेल, तर दुसऱ्याकडे तो सु. ०·२९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला १६,००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत हा विलंब जेमतेम चार-पाच नमुन्यांचा होतो. तो भरून काढून संकेतांची बेरीज केली, की इष्ट दिशेचा ध्वनी एकमेकांस पूरक ठरतो. मायक्रोफोनांमधील गोंगाट परस्परांशी असंबद्ध असेल, तर आठ मायक्रोफोनांनी सु. ९ डेसिबेलची सुधारणा मिळते. लगतच्या मायक्रोफोनांमधील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून अधिक झाल्यास भलत्याच दिशांचा आभास होऊ शकतो. ८,००० हर्ट्‌झपर्यंत ही मर्यादा सु. २·१ सेंमी. येते. उलट २०० हर्ट्‌झची तरंगलांबी सु. १·७ मी. असल्याने यंत्रमानवाच्या लहानशा डोक्यावरील मांडणीला खालच्या स्वरांची दिशा नीट वेगळी करता येत नाही.

उगम : याविषयी एकमत नाही. काही लेखक जर्मन भौतिकीविज्ञ कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांच्या १९०५ च्या सुमारास केलेल्या दिशिक रेडिओ-प्रक्षेपणाच्या प्रयोगापर्यंत मागे जातात. तथापि तो प्रयोग प्रक्षेपणाचा आणि अरुंद कंप्रतापट्ट्याचा (फ्रिक्वेन्सीच्या मर्यादित कक्षेचा) होता. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन नौदलाच्या पाणश्रवण (पाण्याखालील ध्वनी ऐकणाऱ्या) यंत्रणांत अनेक ध्वनिग्राहकांचे संकेत विलंब देऊन जुळवले जात, आणि ध्वनी, ग्रहण व विलंब हे तिन्ही घटक तेथे असल्याने हा वारसा अधिक जवळचा मानणे सयुक्तिक दिसते. आज वापरल्या जाणाऱ्या अनुकूलनक्षम (गोंगाटानुसार स्वतः जुळवून घेणाऱ्या) प्रकारांचा धागा मात्र भूकंपशास्त्राकडेही जातो : जे. केपन यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत अमेरिकेच्या माँटॅना राज्यातील भूकंपमापकांच्या विस्तीर्ण जाळ्याच्या संदर्भात आकारास आली. इष्ट दिशेचा संकेत अबाधित ठेवून एकूण ऊर्जा किमान करणे हे तिचे सूत्र होय. ओ. एल. फ्रॉस्ट (१९७२) आणि ग्रिफिथ्स व जिम (१९८२) यांनी अशा बंधनयुक्त अनुकूलनाला वापरण्याजोगे रूप दिले.

यंत्रमानवातील उपयोग : जपानमधील वासेडा विद्यापीठाच्या वाबोट-१ (१९७३) या यंत्रमानवात कृत्रिम कान होते, तथापि यंत्रमानव-श्रवण हे स्वतंत्र संशोधनक्षेत्र म्हणून साधारणपणे २००० च्या सुमारास, नाकादाई, ओकुनो व किटानो यांच्या जपानमधील कार्यापासून धरले जाते. त्यांच्या ‘सिग’ या मानवाकृती यंत्रमानवात मायक्रोफोनांच्या दोन जोड्या होत्या : एक कानांच्या जागी, तर दुसरी आवरणाच्या आत, स्वतःच्या मोटरींचा आवाज टिपण्यासाठी. खरी अडचण येथेच आहे, कारण हा आवाज मायक्रोफोनांच्या अगदी निकट उत्पन्न होतो व प्रत्येक हालचालीबरोबर बदलतो. शिवाय डोक्याच्या आकाराने ध्वनितरंग वळतात, म्हणून मोकळ्या हवेतील विलंबसूत्र अपुरे पडते आणि प्रत्यक्ष यंत्रमानवाभोवती ध्वनिस्रोत फिरवून प्रत्येक दिशेसाठी मोजलेले गुणांक वापरणे अधिक विश्वसनीय ठरते.

कॅनडातील शेरब्रूक विद्यापीठात व्हालँ, मिशो व सहकाऱ्यांनी चाकांच्या यंत्रमानवावर आठ मायक्रोफोन बसवून ३ मी.पर्यंत सु. ३° अचूकतेने दिशानिश्चिती साधल्याचे २००३ मध्ये नोंदवले. क्योटो विद्यापीठ व होंडा संशोधन संस्था यांची ‘हार्क’ ही मुक्त आज्ञावली २००८ मध्ये उपलब्ध झाली. दिशानिश्चिती, स्रोतांचे पृथक्करण व वाक्-अभिज्ञान (बोललेले शब्द ओळखणे) हे टप्पे तिच्यात साखळीने जोडता येतात.

साधारण २०१६ पासून, कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रतेत वाणी प्रबळ आहे हे मज्जासम जालाने (न्यूरल नेटवर्कने) ठरवून त्यावरून संकेतांच्या बेरजेसाठी केपन-प्रकारचे गुणांक काढण्याची रीत रूढ होत गेली. उडत्या यंत्रमानवांत पंख्यांचा गोंगाट वाणीहून कितीतरी प्रबळ असल्याने तेथील उपयोग अद्याप मर्यादित आहे.