चांदीची शाई ते तांब्याची भुकटी: वीज वाहणाऱ्या छपाईची पार्श्वभूमी

वीजवाहक वस्तू छापायची कल्पना थ्रीडी प्रिंटरपेक्षा बरीच जुनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्रॉक्सिमिटी फ्यूज बनवला, म्हणजे लक्ष्याजवळ पोचताच गोळा आपोआप फोडणारं रेडिओ यंत्र. उखळी तोफेच्या छोट्या गोळ्यात तारांचा गुंता मावेना. मग सिरॅमिकच्या पातळ तुकड्यावर चांदीची पूड कालवलेला रंग जाळीतून छापला आणि भट्टीत भाजला. १९४७ मध्ये तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने अशा तंत्रांवर पुस्तिकाही काढली. बाजार मात्र मारला उलट्या पद्धतीने: तांब्याचा पत्रा चिकटवायचा आणि नको तेवढा रसायनाने खाऊन टाकायचा. नाव ‘प्रिंटेड’ सर्किट, काम कोरण्याचं!

थर चढवत वस्तू घडवणारे प्रिंटर १९८० च्या दशकात आले. चक हल यांनी १९८४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, स्कॉट क्रंप यांनी १९८९ मध्ये. पण दोघांचाही माल प्लास्टिकचा, म्हणजे पक्का वीजरोधक. क्रंप यांचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि स्वस्त प्रिंटर हौशी लोकांच्या टेबलावर पोचले. २०१२ मध्ये ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठातल्या गटाने प्लास्टिकमध्ये काजळीसारखा कार्बन ब्लॅक मिसळून ‘कार्बोमॉर्फ’ तयार केला. त्यातून स्पर्श ओळखणारी बटणं आणि आत किती पाणी आहे ते सांगणारा मग साध्या प्रिंटरवर छापून दाखवला.

खरी अडचण यंत्राची नाही, कणांच्या स्पर्शाची आहे. कार्बनचे कण थोडे असतील तर ते प्लास्टिकमध्ये सुटे पडतात आणि वीज अडते. ठरावीक प्रमाण ओलांडलं की कणाला कण लागून साखळी तयार होते आणि वाट एकदम खुली होते. ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये मांडलेलं ‘पर्कोलेशन’चं गणित ते हेच. मग कार्बन आणखी कोंबावा? तर फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला पुरवायची प्लास्टिकची तार, ठिसूळ होतं आणि ती वितळवून सोडणारं नोझल तुंबतं. प्रोटो-पास्ता या फिलामेंट कंपनीच्या कार्बनयुक्त पीएलए प्लास्टिकची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचं माप, साच्यात घडवल्यावर १५ ओहम-सेंमी, छापल्यावर थराच्या दिशेने ३० आणि थरांच्या आरपार ११५. एकच वस्तू, पण उभी आणि आडवी वेगळी वागते. तांब्याशी तुलना केली तर ३० हा आकडा पावणेदोन कोटी पट भरतो. सेन्सरला हे चालतं, मोटरला नाही.

यावर एक उत्तर पुन्हा चांदीचंच निघालं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ब्रेट वॉकर आणि जेनिफर लुईस यांनी २०१२ मध्ये अशी शाई दाखवली, जिच्यात कणच नाहीत. चांदी विरघळलेल्या रूपात असते आणि ९० अंशांवर तापवली की अस्सल चांदीइतकी वाहक होते. प्लास्टिकलाही तेवढी आच सोसते. महाग आहे, हे वेगळं सांगायला नको.

धातू छापताना त्याची भुकटी लेझरने वितळवत थर चढवतात. तिथे तांब्याने वेगळाच छळ मांडला. नेहमीच्या अवरक्त लेझरचा बहुतांश प्रकाश ते परतवून लावतं आणि जो शोषला जातो त्याची उष्णताही झटकन पसरवून टाकतं. तरी २०१५ मध्ये नासाने रॉकेट इंजिनाच्या दहनकक्षाचं तांब्याच्या मिश्रधातूचं अस्तर छापलं: ८,२५५ थर, १० दिवस १८ तास. तिथे गरज विजेची नव्हती, उष्णता वाहून नेण्याची होती. शुद्ध तांब्यासाठी पुढे हिरवे लेझर आणि इलेक्ट्रॉन किरण कामाला लागले. आज अशा छपाईची चांगली गिऱ्हाइकं म्हणजे इंडक्शन हीटिंगची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने धातू न शिवता तापवणारी, कॉइल्स. वाकडीतिकडी, आतून पोकळ, पोटात थंड पाणी खेळवणारी ही कॉइल्स पूर्वी कारागीर तांब्याची नळी वाकवून आणि डाग देऊन घडवत.