फील्डचा नंबर आणि त्यात बसवलेला टाइप: एफएमएल बफरची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली टक्सिडोवर, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या प्रोग्रॅममधले व्यवहार जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम केलेली काही मंडळी आता गावी बसून रिमोट सपोर्ट करतात, आणि हल्ली त्यांच्या वाट्याला येणारं काम म्हणजे जुन्या एफएमएल (टक्सिडोची डेटा पाठवायची पद्धत) बफरमधला डेटा नव्या जेसनवाल्या (डेटा नावासकट मजकुरात लिहायची पद्धत) सर्व्हिसला द्यायचा. ते करताना नवीन पोरं हमखास विचारतात, की फील्डला (माहितीच्या एका रकान्याला) नाव असताना नंबर कशाला, आणि टाइप (आकडा की मजकूर) बदलला की आख्खी सिस्टम का बोंबलते. बफर म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाणारा डेटाचा गठ्ठा, एवढं इथे पुरे.

टक्सिडोची सुरुवात १९८३ ची, अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या लॅबमध्ये, युनिक्सवर. त्याआधी दोन प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड पाठवायचं तर ठरलेल्या रुंदीचं, दोन्हीकडे तोच आराखडा, मधे एक फील्ड घुसवलं की पुढचं सगळं सरकलं. एफएमएलने ते मोडलं. बफरमध्ये फक्त जी फील्डं आहेत तीच जातात, प्रत्येकाच्या पुढे त्याचा आयडी, आणि नाव जातच नाही. वाशीला जाणाऱ्या आंब्याच्या पेटीवर जसा बागायतदाराचा नुसता मार्का असतो आणि पलीकडच्याला तो कोणाचा ते ठाऊक असतं, तसं. कुठला नंबर म्हणजे कुठलं फील्ड हे फील्ड टेबलमध्ये लिहिलेलं, त्यावरून हेडर फाइल (नाव आणि आयडींची यादी) तयार होते आणि ती दोन्हीकडे कंपाइल होते, म्हणजे प्रोग्रॅममध्येच बसते.

इथपर्यंत कोणाची तक्रार नसते. वाद आहे तो पुढच्या निर्णयावर.

आयडी १६ बिटांचा. त्यातले १३ बिट फील्डच्या नंबरला, म्हणजे जास्तीत जास्त ८१९१, आणि वरचे ३ बिट टाइपला. लाँगचा (पूर्णांकाचा) टाइप १, स्ट्रिंगचा (मजकुराचा) ५. आता समजा एका बँकेच्या टेबलात ११० नंबरला ग्राहकाचा फोन आहे आणि कोणीतरी तो लाँग ठेवलाय, तर आयडी होतो ८१९२ अधिक ११०, म्हणजे ८३०२. टेस्टिंग पुण्यात झालं, पुण्याचा नंबर एसटीडी कोडसकट २०२ ने सुरू होणारा दहा आकडी, तो ३२ बिटच्या लाँगमध्ये बसतो कारण मर्यादा २१४७४८३६४७ ची आहे. रत्नागिरी शाखेतून २३५२ ने सुरू होणारा नंबर आला की तो त्या मर्यादेच्या पलीकडे, सावंतवाडीचा २३६३ वालाही तसाच, आणि ९ ने सुरू होणाऱ्या मोबाइलचं तर विचारूच नका. शिवाय पुढचा शून्य लाँगमध्ये राहतच नाही. मग फील्ड स्ट्रिंग करायचं ठरतं, टेबलात एक शब्द बदलायचा एवढंच वाटतं, पण आयडी आता ५ गुणिले ८१९२ अधिक ११०, म्हणजे ४१०७०. जुना कंपाइल झालेला क्लायंट ८३०२ शोधतो, त्याला उत्तर मिळतं की हे फील्ड बफरमध्ये नाही, आणि बहुतेक प्रोग्रॅममध्ये त्याचा अर्थ ग्राहकाने फोन दिला नाही असा धरलेला असतो. ना क्रॅश, ना एरर लॉग. फोन नुसता गायब.

यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो नंबर तोच ठेवा, टाइप बदला आणि शनिवार-रविवार धरून सगळे सर्व्हर-क्लायंट परत बिल्ड करा. दुसरा म्हणतो १११ नंबरला नवीन स्ट्रिंग फील्ड काढा, दोन्ही भरत राहा आणि शेवटचा जुना क्लायंट बंद झाल्यावरच ११० रिटायर करा, पण तो नंबर परत कोणाला देऊ नका. मी ठामपणे दुसऱ्या बाजूचा. पहिल्या पंथाला वाटतं सगळे क्लायंट आपल्या हातात आहेत, आणि ते कधीच नसतात, कुठल्यातरी शाखेत एक जुनं मशीन चालूच असतं. टाइप आयडीत बसवला ते मात्र मला चूक वाटत नाही. चुकीच्या टाइपने वाचून कचरा मिळण्यापेक्षा फील्ड नाही असं कळणं बरं, फक्त "नाही" चा अर्थ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नीट घ्यायला हवा होता.

पुढे एफएमएल३२ आलं, तिथे टाइप २५ बिट वर सरकवला आणि नंबरची मर्यादा ३,३५,५४,४३१ झाली, पण रचना तीच. स्ट्रिंग लागेल तेवढी लांब जाते हा आपल्यासाठी मोठा फायदा, कारण "रत्नागिरी" यूटीएफ-८ मध्ये (तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट) २७ बाइटचं होतं आणि २० बाइटच्या ठरीव स्ट्रक्चरमध्ये सातवं चिन्ह मधोमध कापलं जातं.

१९९८ ला एक्सएमएल (नावाच्या खुणांमध्ये डेटा लिहायची पद्धत), २००० ला सोप (त्यावर मेसेज पाठवायचे नियम), आणि मग सगळ्यांना नंबर नकोसे झाले. नाव मेसेजमध्येच असलं की टेबल सांभाळायला नको, ही कल्पना. एफएमएल ते एक्सएमएल बदलणारे कन्व्हर्टर आले आणि तिथे वेगळीच अडचण निघाली. एफएमएल सपाट आहे, तेच फील्ड परत आलं तर ते ० नंबरचं, १ नंबरचं असं मोजतात. ग्राहकाचं घर रत्नागिरीला आणि बाग देवगडला, एक्सएमएलमध्ये दोन वेगळे पत्ते, प्रत्येकाच्या आत गाव आणि पिन. सपाट केल्यावर गाव ०, गाव १, पिन ०, पिन १. घराच्या पत्त्यात पिन भरलेला नसेल तर बागेचा ४१६६१३ हाच पिन ० होतो आणि जाऊन घराला चिकटतो, मग चेकबुक कुठे जाईल सांगा. उपाय साधा आहे, रिकामी स्ट्रिंग टाकून जागा धरून ठेवायची, पण कन्व्हर्टर ते आपणहून करेल असं धरून चालू नका. एफएमएल३२ मध्ये बफरच्या आत बफर ठेवायची सोयही आहे, पण जुन्या सर्व्हिस कोणी तशा लिहून काढल्या नाहीत.

आणि २००८ ला प्रोटोबफ (गुगलची डेटा पाठवायची पद्धत) सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा नंबर परत आला. फील्डचा नंबर तीन बिट डावीकडे सरकवायचा आणि खालच्या तीन बिटांत टाइप, फरक इतकाच की हा टाइप ढोबळ आहे, त्यामुळे लहान पूर्णांकाचा मोठा केला तर चालून जातं. पूर्णांकाची स्ट्रिंग केली तर इथेही जुना वाचणारा ते फील्ड अनोळखी म्हणून बाजूला ठेवतो. काढलेला नंबर परत वापरू नये म्हणून राखीव लिहून ठेवायची सोय तर भाषेतच दिली, म्हणजे दुसऱ्या पंथाचं म्हणणं.

जेसनमध्ये नंबरही नाही आणि टेबलही नाही, त्यामुळे गेटवेची (एफएमएल आणि जेसन जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) मॅपिंग फाइल हेच आता फील्ड टेबल झालंय. त्यात खाते क्रमांक, फोन, पिन ही तिन्ही स्ट्रिंगच लिहा. जेसनमध्ये आकड्याच्या पुढे शून्य चालतच नाही, ०२३५२ तसाच पाठवला तर पार्सर तिथेच नाकारतो, आणि कोणीतरी शून्य काढून पाठवला तर तो गेला तो गेलाच.