प्रसूती रजा फक्त 'पर्मनंट' बाईलाच? नाही!

"तू कंत्राटी आहेस, तुला कसली भरपगारी रजा?" हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की दिवस गेलेली बाई मुकाट्याने राजीनामा लिहून देते. ते साफ चुकीचं आहे.

प्रसूती लाभ कायदा 1961 चा. तो नोकरी कायम आहे का, हे विचारतच नव्हता. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या आस्थापनेत किमान 80 दिवस काम झालंय का, एवढंच पाहायचा. दिल्ली महापालिकेत हजेरीपटावर रोजंदारीने राबणाऱ्या बायकांनाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं. 2023 मध्ये दिल्लीतल्याच एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेलं: करार रजेच्या मध्येच संपला, तरी लाभ पूर्ण द्यायचा. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 80 दिवसांची अट तशीच आहे.

2017 पासून रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. दोन मुलं आधीच असतील तर 12 आठवडे. म्हणजे 'तिसऱ्याला काहीच नाही' हेही खोटंच. आणि या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे.

आपल्याकडे हा हक्क नवा नाही. मुंबई प्रांताने कारखान्यांतल्या स्त्री कामगारांसाठी असा कायदा 1929 मध्येच केला होता. बापाच्या रजेचं मात्र खासगी नोकरीत अजून कायद्याने काहीच बंधन नाही, ही खरी उणीव.

राजीनाम्यावर सही करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.