रोटरचे सिम्युलेशन आणि कपलिंगचा वाद

हेलिकॉप्टरच्या रोटरभोवतीचा, म्हणजे फिरत्या पात्यांभोवतीचा, कॉम्प्रेसिबल (हवा दाबली जाते हे धरणारा) प्रवाह संगणकावर सोडवण्याचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले. आधी सोपी पोटेन्शियल समीकरणे, मग ऑयलर, मग हवेचे घर्षणही धरणारी नेव्हिए-स्टोक्स. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला, पीळ नसलेल्या दोन पात्यांचा हॉवर (एकाच जागी तरंगण्याचा) प्रयोग आजही नव्या कोडची पहिली परीक्षा मानला जातो. पण ती सोपी परीक्षा. पाती ताठ, रोटर जागच्या जागी.

खरी अडचण पुढच्या उड्डाणात. ब्लॅक हॉक या अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक हॉवरमध्ये सेकंदाला सुमारे २२० मीटर वेगाने फिरते. १५८ नॉटला (ताशी सुमारे २९३ किमी) वाऱ्याला सामोऱ्या जाणाऱ्या टोकाचा वेग ३०० मीटरवर जातो. तिथे शॉक (हवेच्या दाबातली अचानक उडी) तयार होतो, पात्याला पिळणारा मोमेंट बदलतो, पाते पिळले की हवेशी असलेला कोन बदलतो आणि शॉक पुन्हा सरकतो. म्हणजे हवा आणि पाते वेगवेगळे सोडवून चालत नाही.

ब्लॅक हॉकच्या १९९३-९४ च्या उड्डाण-चाचण्यांत एका पात्यावर दोनशेहून जास्त प्रेशर सेन्सर बसवले होते. त्या नोंदींसमोर तेव्हाचे गणित उघडे पडले: सामोऱ्या जाणाऱ्या पात्यावर लिफ्ट (वर उचलणारे बल) ऋण होण्याची वेळ चुकत होती आणि पिचिंग मोमेंट (पाते पिळणारा मोमेंट) कमी येत होता.

मग प्रश्न आला, सीएफडी (हवेच्या प्रवाहाचे संगणकी गणित) आणि पात्याच्या हालचालीचे गणित यांची गाठ, म्हणजेच कपलिंग, कशी घालायची? टाइट कपलिंगवाले म्हणत, प्रत्येक टाइम-स्टेपला (काळाच्या छोट्या टप्प्याला) माहिती द्या-घ्या. भौतिकदृष्ट्या तेच प्रामाणिक. लूज कपलिंगमध्ये रोटरची अख्खी फेरी सोडवायची, सीएफडीचा भार आणि लिफ्टिंग-लाइनचा (पाते एक रेघ मानणाऱ्या सोप्या गणिताचा) भार यांतला फरक काढायचा, तो पात्याच्या हालचालीच्या कोडला द्यायचा, त्याने ट्रिम (उड्डाणाचा समतोल) साधून नवी हालचाल परत पाठवायची. ही युक्ती १९८६ चीच, पण तेव्हा देवाणघेवाण लिफ्टपुरती होती. पिचिंग मोमेंटही घेतला की गणित स्थिरावत नसे, म्हणून पद्धतीचेच नाव खराब झाले. हा अन्यायच, दोष बराचसा त्या काळच्या सीएफडीचा होता. २००४ मध्ये नेव्हिए-स्टोक्स कोड, ओव्हरसेट (एकमेकांवर चढणाऱ्या) ग्रिड आणि सगळे भार घेऊन तीच युक्ती लावली, तेव्हा थोड्याच आवर्तनांत उत्तर स्थिरावले आणि लिफ्टची वेळही जुळली.

सरळ, एकसारख्या उड्डाणाला टाइट कपलिंगचा हट्ट कशासाठी, हे तेव्हापासून पटवून देणे अवघड झाले आहे. मात्र पुल-अपसारख्या (नाक वर खेचण्याच्या) मनूव्हरमध्ये एक फेरी दुसरीसारखी नसते. तिथे दर स्टेपची देवाणघेवाणच लागते.